गाळपेरीवरचे हंस

पिपा वाजवून वाजवून प्रेमलताचा उजवा खांदा भरून आला होता. रॉकेलचा रिकामा पिपा सुतळीनं गळ्यात अडकवलेला आणि हातात बाभळीची काडी. पाय पिंढरीपर्यंत गाळात रुतत होते. धुक्यात पाखरं नीट दिसत नव्हती. गव्हाचे कोंब खुडल्याचा आवाज मात्र सगळीकडून येत होता.

"तिकडं नोको जाऊ वं!" सासरे वामनराव तलावाच्या पाळीजवळून ओरडले. "तुया डाव्या हाताले बसले, पाह्य!"

ती डावीकडे धावली. दहा पावलं जाईपर्यंत पुढे मोठी फडफड झाली. करड्या पाठी, पांढरी डोकी, डोक्यावर काळे पट्टे. सगळा थवा उठला, पाण्यावरून एक वळसा मारून आला आणि जिथून ती निघाली होती तिथेच जाऊन बसला.

"आता माह्याकडं आले," वामनराव म्हणाले आणि खोकत खोकत आपलं टमरेल वाजवू लागले.

दिवाळीनंतर तलाव उतरला की उघड्या पडलेल्या गाळात गावातली घरं आपापल्या वहिवाटीच्या तुकड्यात गहू-हरबरा टाकत. ही गाळपेर. तिला ओलीत लागत नसे, खत लागत नसे. बाकीच्यांची गाळपेर म्हणजे वरकड पीक होतं. वामनरावांच्या घराला मात्र यंदा तेवढंच उरलं होतं. ऐन कणसात आलेल्या ज्वारीवर दिवाळीचा पाऊस पडला आणि दाणा काळा पडला. आता वर्षभराची भाकरी म्हणा की पोळी, ती या चिखलातूनच निघायची होती. आणि नेमका त्यांचा तुकडा पाण्याला सगळ्यात लागून होता.

ऊन वर आलं, धुकं फाटलं, तेव्हा थवा आपणहून पाण्यात गेला. प्रेमलतानं पाय धुतले. नखांतला गाळ निघाला नाही. घरी येऊन दोन घास खाल्ले, धुतलेलं लुगडं नेसली आणि शाळेत गेली.

ती चौथीची शिक्षिका होती. माहेर नागपूरचं, महालातलं. लग्न होऊन खाप्याजवळच्या या गावात आली तेव्हा नोकरीही इथेच मिळाली. दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला शिक्षकांचं शिबिर झालं होतं. तिथे एका प्राध्यापकांनी अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तलावांची चित्रं दाखवली. पाणगवत, बेडकाची अंडी, हजारो कोस उडून येणारी पाखरं. ते म्हणाले होते, "तुमच्या गावचा तलाव हेच पुस्तक. पोरांना तिथं न्या." प्रेमलताच्या अंगावर तेव्हा काटा आला होता. तिच्या शाळेच्या मागच्या भिंतीपासून तलावाची पाळ, मातीचा बांध, सुरू होत होती, आणि इतक्या वर्षांत तिनं तिथे कपडे धुणाऱ्या बायांखेरीज काही पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी तिनं पोरांना पाळीवर बसवलं. समोर पाण्यात थवा तरंगत होता.

"हे राजहंस," ती म्हणाली. "बर्फाच्या डोंगरापलीकडून येतात. इथं हिवाळाभर राहतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. हे आपले पाहुणे आहेत. त्यांना दगड मारायचा नाही."

"बाई, हंस तं पांढरा राहते ना?" मागून सुमती म्हणाली. सुमती सरपंचाची मुलगी, धिटुकली. "सरस्वतीचा पांढरा हाय."

"हा वेगळा."

"आमच्या घरी याले बदक म्हंतात."

प्रेमलतानं थव्याकडे पुन्हा पाहिलं. पडद्यावर जे पाहिलं ते हेच होतं की दुसरं, याची तिलाही आता खात्री वाटेना. तिनं विषय बदलला. तलावात कोण कोणाला खातं ते विचारलं. हे पोरांना आवडलं. गोगलगाय शेवाळ खाते, मासा किडे खातो, बगळा मासा खातो. ती पाळीच्या मातीत काडीनं नावं लिहीत होती आणि एकातून दुसऱ्याकडे बाण काढत होती.

"अन् आम्ही मासा खातो," भागीरथा म्हणाली. ती पलीकडच्या ढिवरटोलीतली, मासेमारांच्या वस्तीतली होती. तिचा बाप भैयाजी तलावात जाळं टाकत असे.

"बरोबर. आणि राजहंस काय खातो?"

भागीरथानं क्षणभर विचार केला. "तुमचा गहू खाते."

सगळी पोरं हसली. प्रेमलताही हसली. भागीरथा मात्र हसली नाही. तिला खरोखरच काहीतरी कळत नव्हतं. "बाई, मी मायसंग पाण्याले येतो तं तुम्ही सकाळी पिपा वाजवता. पाव्हने हायत तं हाकलता काहून?"

प्रेमलतानं काडीनं मातीतला एक बाण पुसला, परत काढला.

"हाकलते," ती म्हणाली. "पण मारत नाही."

उत्तर तिचं तिलाच पुरलं नाही. पण भागीरथानं मान हलवली आणि ते जणू पाठ करून ठेवलं.

*

दुसऱ्या आठवड्यात थंडी वाढली. प्रेमलताचा नवरा गिरिधर आळीपाळीनं हाकलायला जाई, पण त्याला दिवसा दुसऱ्याच्या वावरात कपाशीच्या कामावर जावं लागे. सकाळची पाळी म्हाताऱ्यानं आपल्याकडे घेतली. गिरिधरनं बुजगावणं केलं, त्याला स्वतःचा जुना सदरा घातला. हंस दोन दिवस बिचकले, तिसऱ्या दिवशी त्याच्या पायाशीच चरू लागले.

एके सकाळी वामनराव परत आले नाहीत. सासू जिजाबाईनं चहा दोनदा गरम केला. मग गिरिधर आणि प्रेमलता पाहायला गेले. म्हातारा गाळात पडलेला होता. एक पाय मांडीपर्यंत रुतलेला, उठता येत नव्हतं, ओरडायला छातीत दम नव्हता. ओठ निळे पडले होते. आणि त्याच्याभोवती, हात लांबवला तर लागतील इतक्या जवळ, हंस चरत होते.

गिरिधरनं बापाला पाठीवर घेतलं. गावातून जाताना लोक दारात उभे राहून पाहत होते. वामनरावांचं धोतर चिखलानं पायांना चिकटलं होतं आणि ते पुन्हापुन्हा ते ओढून गुडघा झाकायला पाहत होते. "उतरव गा मले," ते म्हणत होते. "चालतो ना मी. लोक पाहून राहिले."

घरी जिजाबाईनं शेगडी पेटवून पायाशी ठेवली. म्हाताऱ्याची थरथर दुपारपर्यंत गेली नाही. संध्याकाळी अंगात ताप चढला.

गिरिधर सायकल घेऊन खाप्याला गेला. वैद्याकडचं औषध घेऊन आला आणि त्याबरोबर पिशवीत आणखी एक बाटली होती. ती त्यानं गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवली. प्रेमलतानं पाहिली. कपाशीवर फवारायचं एन्ड्रिन. कवटीचं चित्र होतं.

"आता कपाशीवर काय मारता? बोंडं तर फुटली, वेचणी चालू आहे," ती म्हणाली.

"कपाशीवर नाही."

तिला कळलं. तरी तिनं विचारलं, "मग?"

"काळी ज्वारी पडूनच हाय. तशी बी ती खायच्या कामाची नाही." तो तिच्याकडे न पाहता बोलत होता. "दोन-चार मेले का बाकीचे घाबरून उडून जातील. मले काही त्याईचा वंश नाही बुडवायचा."

"मामाजींना विचारलं?"

"बाबाचं अंग हात लावून पाह्य, मंग इचार." त्याचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "तू सांग. तू शिकेल हायस. काय करू ते सांग. बाबाले पाठवू का गाळात? का आई जाईन? का तू शाळा सोडतेस?"

प्रेमलतानं शिबिरातलं आठवून पाहिलं. प्राध्यापकांनी सगळं सांगितलं होतं, ही पाखरं कुठून येतात, किती उंच उडतात. गहू आपला असला तर काय करायचं हे सांगितलं नव्हतं. विचारावं असं तेव्हा कोणाला सुचलंही नव्हतं. आतून सासऱ्यांचा खोकला ऐकू येत होता. तिच्या मनात ती पाखरं आणि हा खोकला एकाच वेळी खरे होते आणि ते एकमेकांना ओळखत नव्हते.

शेवटी ती म्हणाली, "शाळेच्या अंगानं नका टाकू. पोरं तिकडं जातात."

तेवढंच म्हणाली. गिरिधरनं मान हलवली. तिनंच मग त्याला औषध कालवायला जुनं घमेलं काढून दिलं, कारण तो जिजाबाईचं कणीक मळायचं उचलत होता.

*

दोन दिवसांनी सकाळी गव्हात एकही हंस नव्हता. गिरिधर आनंदानं सांगत आला. "गेले. सारे गेले. पाण्यात बी नाहीत." वामनरावांचा ताप उतरला होता. त्यांनी भिंतीला टेकून पेज घेतली. "असे कसे गेले एकदम?" ते म्हणाले. "अजून तं पौष हाय."

शाळेत प्रेमलतानं त्या दिवशी पोरांना आतच बसवायचं ठरवलं होतं. पण मुख्याध्यापक मधुकरराव नेमके म्हणाले, "बाई, आज तुमचा तलावाचा धडा मीपण ऐकतो. चला." ते मोठ्या हौसेनं उपरणं सावरत पुढे निघाले. नाही कसं म्हणावं ते तिला सुचेना. कारण सांगायचं तर खरं सांगावं लागलं असतं.

पाळीवर थंड वारा होता. पाणी रिकामं होतं. टिबुकल्या नव्हत्या, पाणकावळे नव्हते. काठाच्या बेशरमीच्या झुडपात पाण्याबरोबर काहीतरी हलत होतं. पोरं आधी धावली. बोटभर लांबीचे मासे होते, पोटं वर करून. आणि थोडं पुढे एक हंस, मान पाण्यात, पंख उघडे.

"हात नका लावू!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की मधुकरराव दचकले.

"अहो, मेलेला आहे. जवळून दाखवता येईल," ते म्हणाले.

"नको सर. कोणीच हात नका लावू. मागं व्हा. सगळे मागं व्हा."

पोरं मागे सरली. सुमती म्हणाली, "भागीरथाच्या घरी तं असे चार-पाच हायत बाई. तिचा बाप पहाटे झुंजुरकाच घेऊन गेला. म्हणून ती शाळेत नाही आली. तिच्या घरी आज मटण हाय."

प्रेमलतानं मधुकररावांकडे पाहिलं. "सर, पोरांना आत न्या. सगळ्यांचे हात धुवायला लावा. हौदाच्या पाण्यानं, तलावाच्या नाही." आणि ती पाळीवरून खाली उतरली.

ढिवरटोली तलावाच्या दुसऱ्या टोकाला होती. पाळीवरून वळसा लांबचा होता. ती गाळपेरीतून सरळ गेली. स्वतःच्याच गव्हातून, कोंब तुडवत. चप्पल एका ठिकाणी रुतली, ती तशीच सोडली. मातीत तिनं काढलेले बाण डोळ्यांपुढे येत होते. शेवटचा बाण कोणाकडे जातो हे तिनं पोरांकडून वदवून घेतलं होतं.

भागीरथाच्या अंगणात पिसं पडली होती. चुलीवर मोठं भगोनं रटरटत होतं. भागीरथाची आई अंजनाबाई पाट्यावर मसाला वाटत होती. भागीरथा आणि तिचा धाकटा भाऊ ताटल्या घेऊन आधीच बसले होते.

"उतरवा ते," प्रेमलता दारातच म्हणाली. तिला धाप लागली होती. "खाऊ नका. ते पाखरू खाऊ नका."

अंजनाबाईनं तिच्या चिखलानं भरलेल्या एका अनवाणी पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. आणि हसली.

"बसा ना बाई. माही पोरगी सांगते ना घरी. पाव्हने हायत म्हणे, मारू नोका. तिनं तं सकाळपासून रडून गोंधळ घातला." ती मसाल्याचा हात भगोन्यात झटकत म्हणाली. "पण आम्ही मारले नाही वं बाई. मरूनच पडले होते. थंडीनं मेले असतीन. मेलेलं खाल्लं तं काय पाप हाय?"

"तसं नाही. तो धडा वेगळा."

"मंग?"

"खाल्लं कोणी? पोरांनी काही खाल्लं?"

"अजून शिजलं कुठं? पण काहून ते तं सांगा. तुमी पहिले म्हंता मारू नोका, आता म्हंता खाऊ नोका. आम्ही खावं काय मंग?"

आतून भैयाजी बाहेर आला. जाळं दुरुस्त करत होता, हातात सुई तशीच होती. "काय झालं बाई?"

प्रेमलतानं तोंड उघडलं. पाखरांना रोग झालाय असं म्हणता आलं असतं. ते ओठांवर आलंही. त्यानं भगोनं रिकामं झालं असतं आणि कोणाचं नाव निघालं नसतं. पण पाण्यावरचे मासे तिला दिसले. भैयाजी उद्या तेच मासे टोपलीत भरणार होता, आणि रोगाचं ऐकून त्याचा हात थांबला नसता.

"जहर घातलंय," ती म्हणाली. "ज्वारीत, पाण्याच्या काठाशी. कपाशीचं औषध."

"कोणं?"

"आमच्या घरानं."

अंजनाबाईनं हात पुसले नाहीत. तशाच मसाल्याच्या हातांनी तिनं भगोनं उचललं. चटका बसला तरी सोडलं नाही. उकिरड्यावर नेऊन ओतलं, वर राख टाकली, वर माती टाकली. कुत्रं जवळ आलं, त्याला तिनं लाथ घातली. परत येऊन तिनं पोरीच्या हातातली ताटली काढून घेतली. ताटली रिकामीच होती.

भैयाजी खाली बसला. "माशाईले बी लागलं असन मंग," तो हळूच म्हणाला. जणू स्वतःलाच सांगत होता. "म्हणूनच सकाळी बारके बारके वर आले. मले वाटलं थंडीचे."

"बाई," अंजनाबाई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "आम्ही पाणी तलावाचंच पितो. आज सकाळी बी तेच प्यालो. आता प्यावं का नोको?"

प्रेमलतानं तलावाकडे पाहिलं. तलाव केवढा, औषध केवढं, किती पसरतं, किती दिवस राहतं. तिला माहीत नव्हतं. कोणाला माहीत असेल, हेही माहीत नव्हतं. भागीरथा तिच्या तोंडाकडे पाहत होती, वर्गात पाहायची तशी.

"मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण पिऊ नका. आमच्या विहिरीवर या."

*

गिरिधर गोठ्यात होता. तिनं सांगितलं तेव्हा त्याचा हात बैलाच्या पाठीवरच थांबला.

"नाव काहून सांगतलंस?" तो म्हणाला.

"मग काय सांगू?"

"मले आधी इचारायचं."

"त्यांच्या ताटल्या मांडलेल्या होत्या."

त्यानं डोकं बैलाच्या पाठीला टेकलं. त्याचे खांदे हलले. तो रडतो आहे की रागानं थरथरतो आहे हे तिला कळेना. तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला.

वामनरावांनी घरातून सगळं ऐकलं होतं. ते भिंत धरून दारापर्यंत आले. "माह्यापायी केलंस ना रे," ते म्हणाले. म्हातारा परत आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

दुपार कलताना टोलीतल्या बाया आल्या. पाच-सहा जणी, घागरी घेऊन. पुढे अंजनाबाई, तिच्या बोटांना हळद लावलेली. मागे भागीरथा छोटी कळशी घेऊन. बाया विहिरीपासून थोड्या दूर थांबल्या. या विहिरीवर त्या कधी आल्या नव्हत्या. बोलावलंच नव्हतं कोणी. जिजाबाई पदर तोंडाला लावून ओसरीवर उभी होती. "या म्हणा त्याईले," ती सुनेला म्हणाली, पण स्वतः पुढे झाली नाही.

गिरिधर विहिरीवर गेला. बादली सोडली. रहाट करकरत फिरला. त्यानं भरलेली बादली काठावर टेकवली आणि खाली मान घालून म्हणाला, "घ्या. घागर आणा."

कोणी हललं नाही.

"घ्या ना," तो पुन्हा म्हणाला.

अंजनाबाई दोन पावलं पुढे आली. तिनं बादलीत पाहिलं. पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता.

"आधी तुमी प्या," ती म्हणाली.

गिरिधरनं वर पाहिलं. आजूबाजूच्या घरांतून चार माणसं येऊन उभी राहिली होती. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. क्षणभर प्रेमलताला वाटलं, हा बादली उपडी करेल आणि निघून जाईल. त्यानं ओंजळ केली. ती नीट जुळत नव्हती, बोटांमधून पाणी गळत होतं. त्यानं दुसऱ्यांदा भरून घेतलं आणि प्याला. हनुवटीवरून पाणी सदऱ्यावर ओघळलं.

अंजनाबाई त्याचा गळा हललेला पाहत होती. मग ती वळली.

"बाई, तुमी बी."

प्रेमलता विहिरीच्या काठाशी आली. तिनं पदर मागे घेतला, वाकली, ओंजळ भरली. पाणी कोमट होतं. सगळं पिऊन झाल्यावर तिनं ओले हात बाजूला धरून ठेवले, सगळ्यांना दिसतील असे.

अंजनाबाई थांबली होती. किती वेळ थांबायचं हे तिलाही ठाऊक नसावं. मग तिनं घागर खाली ठेवली.

गिरिधरनं बादली ओतली. परत सोडली, परत ओढली. एकीमागून एक बाया पुढे येत गेल्या, घागरी भरून घेऊन गेल्या. शेवटी भागीरथा राहिली. तिची कळशी भरली, तिनं ती कमरेवर घेतली आणि प्रेमलताजवळ येऊन उभी राहिली.

"बाई, उद्या शाळा हाय?"

"आहे," प्रेमलता म्हणाली.

"तलावाचा धडा हाय?"

प्रेमलतानं तिची घसरणारी कळशी सावरली. मुलगी थोडी थांबली, कळशी कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली आणि आईच्या मागून निघाली. विहिरीपाशी गिरिधर रिकामी बादली धरून उभा होता, अजून कोणी यायचं आहे का ते पाहत.